दौंड-मनमाड लाईन डबल होतेय, त्याने मालगाड्या खरंच मोठ्या होणार का?

गोदाकाठचा:

राम राम मंडळी. मी श्रीरामपूरचा, खत आणि सिमेंटचा होलसेलचा धंदा आहे, माल बेलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर उतरतो (बाहेरच्यांसाठी सांगतो, श्रीरामपूर गावाच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे, त्यात दरवेळी गोंधळ होतो). आमच्या पट्ट्यात दुहेरीकरणाचं काम टप्प्याटप्प्याने पुढं सरकतंय, भराव झाले, पूल झाले, विजेचे खांब तर आधीच आलेत. आता गावात दोन गट पडलेत. एक गट म्हणतो लाईन डबल झाली की दोन-दोन किलोमीटरच्या मालगाड्या धावणार, माल स्वस्त पडणार, सगळ्यांचं भलं. दुसरा गट म्हणतो एवढ्या मोठ्या गाड्या आपल्या छोट्या स्टेशनला थांबणारच नाहीत, मालधक्का बंद पडणार आणि आपण नगर नाहीतर मनमाडहून ट्रकने माल आणत बसणार.

मला दोन्ही गटांचं ऐकून काही कळेना. डबल लाईन झाली म्हणजे गाडी मोठी होते का? की त्याला अजून काही लागतं? आणि आमच्यासारख्यांनी आत्ता काम चालू असतानाच काही मागायचं असेल तर नेमकं काय मागायचं? रेल्वेतले कोणी असतील तर कृपया सविस्तर सांगा, व्यापारी असोसिएशनची बैठक आहे, तिथे नुसतं "थांबे द्या, सुविधा द्या" असं लिहून द्यायचं नाहीये.

निवृत्त_गार्ड:

दादा, प्रश्न चांगला विचारलात. मी या लाईनवर मालगाड्यांचा गार्ड होतो (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात), त्यामुळे थोडं लांबण लावतो, वाचून घ्या.

आधी ही लाईन कशासाठी आहे ते बघा. मुंबईहून वर घाटमाथ्यावर यायला दोनच वाटा, बोरघाट आणि थळघाट, दोन्हीकडे चढ १:३७ पर्यंत. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तिथे कर्जतला किंवा कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर येत नाही. दौंड-मनमाड मात्र सगळी वरच्या पठारावरची. उत्तरेकडून भुसावळ-मनमाडमार्गे आलेला माल सोलापूर, वाडी, मिरज, पुण्याकडे जायचा तर दोन्ही घाट टाळून इथून जातो. तिकडच्या वाडी पट्ट्यातलं सिमेंट वर येतं, मनमाडच्या एफसीआय (भारतीय अन्न महामंडळ) गोदामांमुळे धान्य, पानेवाडी आणि अकोळनेरचे तेलाचे डेपो, साखर, कांदा, सगळं आपल्याच अंगावर. वर कर्नाटक, गोवा, झेलम या लांब पल्ल्याच्या गाड्याही इथूनच. आणि एवढं सगळं साधारण २३६ किलोमीटरच्या एका रुळावर, १८७८ पासून!

आता सिंगल लाईनवर काय होतं ते सांगतो. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनच्या लूपमध्ये (म्हणजे मेन लाईनच्या बाजूच्या रुळावर) घालून उभी करायची, दुसरी मेन लाईनने काढायची. मालगाडीचा नंबर कायम शेवटी. झेलम गेली, मग गोवा येतेय, मग एखादी स्पेशल, आणि आपण निपाणी वडगावला नाहीतर चितळीला सिग्नलकडे बघत बसलोय. मालगाडी पळायला हळू नसते हो, ती उभी फार राहते. डबल लाईनचा पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा हाच, समोरच्या गाडीसाठी थांबणं संपतं. त्याने गाड्यांची संख्या वाढते आणि त्या वेळेवर पोचतात. पण गाडीची लांबी त्याने आपोआप वाढत नाही.

लांबी ठरते लूपवर. भारतीय रेल्वेत लूपची नेहमीची लांबी आहे ६८६ मीटर. कोळशाचा बॉक्सएन डबा पावणेअकरा मीटरला जरा कमी, ५८ डबे, पुढे दोन इंजिनं, मागे ब्रेकव्हॅन म्हणजे गार्डचा डबा, बेरीज करा, साधारण पावणेसातशे मीटर होते. गाडी आणि लूप एकमेकांच्या मापाने केलेत. तुमच्या गावातले जे दोन किलोमीटर म्हणतात ते लाँग हॉलबद्दल ऐकून बोलत असतील, त्यात दोन अख्ख्या गाड्या एकमेकींना जोडतात, १३००-१४०० मीटर होते. एक इंजिन पुढे आणि दुसरं मध्ये, दोन्ही रेडिओने एकमेकांशी बोलतात म्हणजे पुढच्याने ब्रेक लावला की मधलंही त्याच क्षणी लावतं, नाहीतर दोन ट्रॉल्या लावलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला जसा मागून झटका बसतो तसं होऊन कपलिंग तुटतं.

ही गाडी सिंगल लाईनवर चालवणं फार जिकिरीचं. ती लूपमध्ये मावत नाही म्हणून समोरच्या प्रत्येक गाडीने तिच्यासाठी बाजूला व्हायचं, आणि समोरूनही तशीच लांब गाडी आली तर दोघींनाही जागा नाही. म्हणून सिंगल लाईनवर कंट्रोलर (कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणारा) तिच्या वाटेला जात नाही. डबल झाल्यावर हा पेच सुटतो, पण अर्धाच! कारण मागून कर्नाटक एक्स्प्रेस आली की या लांब गाडीला बाजूला घ्यायला तरी जागा हवी ना? ती नसेल तर एक्स्प्रेस तिच्या मागे रांगत येते, मग चार दिवसात वरून फोन येतो आणि लाँग हॉल बंद. म्हणजे दुसऱ्या रुळाबरोबर मधे मधे दीड किलोमीटरची लूप असली तरच मोठी गाडी टिकते. तुम्ही काय मागायचं विचारलंत तर माझं पहिलं उत्तर हे. भराव टाकतानाच लूप लांब करून घ्या, नंतर जमीन, सिग्नल, तारा, पॉइंट सगळं उखडून करावं लागतं आणि ते कोणी करत नाही.

रुळावरचा:

काकांनी लांबीचं फार छान सांगितलं, मी वजनाचं सांगतो. कारण "मोठी गाडी" म्हणजे लांब असं लोक धरून चालतात आणि त्यात खरी गोष्ट निसटते.

गोदाकाठचा भाऊ, तुमच्याकडे आधी खताची रेक (म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी) यायची ती ४२ डब्यांची, अडीच हजार टनाच्या थोडी वर. आता नवीन बीसीएनएचएल डब्यांची येते ती ५८ डब्यांची, चार हजार टनांच्या जवळ. दोन्हींची लांबी जवळपास सारखीच, दोन्ही त्याच लूपमध्ये मावतात! मग हजार-दीड हजार टन आले कुठून? नवीन डबा आखूड पण उंच, स्वतः हलका आणि एका चाकजोडीवर जास्त भार घेणारा. पूर्वी एका अॅक्सलवर (म्हणजे चाकजोडीवर) २०.३२ टन चालायचे, २००५ नंतर हळूहळू २२.८ टनांच्या घरात गेलो, आता काही मार्गांवर २५ टन चालतात. मालवाहतुकीच्या स्वतंत्र कॉरिडॉरवर गाड्या २५ टनांच्या, आणि पूल तर पुढचा विचार करून ३२.५ टनांचे बांधलेत. म्हणजे तुमच्या गावात गाडी आधीच मोठी झालीय, लांबी तीच राहिल्याने कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता हे जास्तीचं वजन शेवटी जातं कुठे? रूळ, स्लीपर, खडी, आणि त्याखालची माती. रूळ मीटरला ६० किलोचे टाकतात, सिमेंटचे स्लीपर किलोमीटरला १६६० असतात, खडी पैसे टाकले की मिळते, या तिन्हींची मला काळजी नाही. काळजी मातीची आहे. राहुरीपासून कोपरगावपर्यंत काळी जमीन, तुम्हाला शेतकऱ्यांना काय सांगायचं, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात लोणी. जुना भराव १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायला घातलेला, त्या काळी जवळची माती उपसून टाकायची हीच रीत होती. त्यावर जड गाडी गेली की ओली माती खडीतून वर येते, खडी चिखलाने भरते, रूळ खालीवर होतो, मग तिथे ३० चा कॉशन ऑर्डर लागतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वर जायचं नाही. एका किलोमीटरचा कॉशन असला तरी चार हजार टनांची गाडी आधी हळू करा, पूर्ण ५८ डबे बाहेर काढा, परत वेग पकडा, यात किती वेळ आणि किती वीज जाते विचार करा.

नवीन लाईनला भरावाच्या वर नीट प्रतीच्या मुरमाचा, ठराविक चाळणीतून काढलेल्या मालाचा ब्लँकेटिंगचा थर देतात, काळी माती खालीच अडवून ठेवायला. तो थर पूर्ण जाडीचा आणि नीट दाबलेला असला तर पुढची पन्नास वर्षं निश्चिंत. त्यात काटकसर झाली तर दुसऱ्या पावसाळ्यात कळतं. गावकऱ्यांनी लक्ष ठेवायचं असेल तर इथे ठेवा, भरावावर पाणी मारून रोलर फिरतोय का, बाजूची गटारं भरावाच्या पायथ्यापासून पाणी लांब नेतात का तिथेच तुंबवतात.

अजून एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. नवीन लाईनचे पूल २५ टनांच्या लोडिंगने डिझाइन होतात. जुन्या लाईनचे जुनेच राहतात, त्यांची तपासणी होते, काही मजबूत करतात, काही नवीन बांधतात. डबल लाईनवर मनमाडकडे एका रुळाने जायचं आणि दौंडकडे दुसऱ्या. मग भरलेल्या गाड्यांची दिशा जर जुन्या रुळावर आली तर नवीन पुलाचा उपयोग काय? साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जी असेल, परवानगी तेवढ्याच वजनाला मिळते. भीमेचा, मुळेचा, प्रवरेचा, गोदावरीचा, चारही नद्यांवर दोन्ही रुळांची ताकद सारखी व्हायला हवी.

चढाबद्दल काका बोलले नाहीत म्हणून दोन वाक्यं. लाईन पठारावरची असली तरी विळद आणि वांबोरीच्या मधे चांगला उतार आहे, दौंडकडे येणाऱ्या भरलेल्या गाडीला तो चढ. पूर्वी डिझेलला तिथे दम लागायचा. आता विजेवरची डब्ल्यूएजी-९ इंजिनं आहेत सहा हजार अश्वशक्तीची आणि डब्ल्यूएजी-१२ बारा हजारांची, त्यामुळे त्या अडचणीचा मी आता फार विचार करत नाही.

येवलेकर_ट्रान्सपोर्ट:

सगळं वाचलं, माहिती उत्तमच आहे पण मला उलटं वाटतं. रेल्वेला मोठी गाडी म्हणजे एका जागेवरून भरली आणि एका जागी रिकामी झाली अशी पाहिजे, कोळसा, लोखंड, सिमेंट. आपल्या भागाचा माल तसा आहे का? कांदा आज निघतो, भाव परवा पडतो, चार हजार टन एका वेळी कोण गोळा करणार? २०२० ला देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली ती लोकांना आवडली याचं कारण पाच-दहा क्विंटलवालाही त्यात माल टाकू शकत होता. गाडी जितकी मोठी तितका छोटा माणूस तिच्यापासून लांब जातो असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वे शंभर टक्के हवी, मी ट्रकवाला असूनही सांगतो, कारण डिझेल आणि टोल दोन्ही परवडत नाही, पण आपल्याला मोठ्या गाडीपेक्षा वेळेवर निघणारी आणि वेळेवर पोचणारी मध्यम गाडी जास्त कामाची.

निवृत्त_गार्ड:

येवलेकर, तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि त्याला नियमांत वाट आहे. मिनी रेक असते, वीसेक डब्यांची. टू पॉइंट रेक असते, म्हणजे अर्धी एका स्टेशनला रिकामी करायची आणि अर्धी पुढच्या. सिंगल लाईनवर हे देताना ऑपरेटिंगवाले नाक मुरडायचे कारण अर्धी गाडी असो की पूर्ण, ती लाईनवरची एक जागा खाते, आणि जागाच कमी होती. डबल लाईनने जागा वाढली की छोट्या रेकला नाही म्हणायचं कारण कमी होतं. म्हणून मी म्हणतो मोठी गाडी आणि छोटी गाडी यात भांडण लावू नका. मोठ्या गाड्यांनी लांबचा माल थोड्या फेऱ्यांत निघाला तर उरलेल्या वेळात तुमची छोटी बसते.

वांबोरीची_माई:

मी व्यापारी नाही की रेल्वेवाली नाही, रुळापलीकडे शेत आहे आमचं. फाटकाचं कोणी बोलेना म्हणून लिहिते. गाडी लांब झाली म्हणून फाटकात फार वेळ जाईल असं नाही, दीड किलोमीटरची गाडी पन्नासच्या वेगाने पावणेदोन-दोन मिनिटात जाते. वेळ जातो तो एका बाजूची गाडी गेली की लगेच दुसऱ्या बाजूची येते म्हणून फाटक उघडतच नाही, डबल लाईन झालेल्या गावांत माहेरच्या लोकांनी हेच सांगितलं. त्यामुळे फाटकं काढून खालून बोगदे देतात. कल्पना चांगली आहे, अपघात टळतात, मी विरोधात नाही. पण आमच्या भागातल्या एका बोगद्यात पावसाळ्यात कमरेएवढं पाणी साचतं आणि शाळेची पोरं रुळावरून चढून जातात, आता तिथून दोन्ही बाजूंनी गाड्या पळणार, विजेच्या गाडीचा आवाजही आधी येत नाही. काळ्या रानात खड्डा खणला की पाणी येणारच, हे शेतातलं पोरगंही सांगेल. बोगदा देताना पाणी जायला उताराचा चर ओढ्यापर्यंत काढून द्या, नाही जमत तर पंप आणि तो चालवायला माणूस द्या. आणि उसाने भरलेली ट्रॉली आणि हार्वेस्टर निघेल एवढी उंची-रुंदी ठेवा. तुमच्या निवेदनात हे घाला दादा, खताच्या गोणीएवढंच ते महत्त्वाचं आहे.

गोदाकाठचा:

माई, नक्की घालतो, तुमचं पहिलं घालतो.

काका आणि रुळावरचे सर, खूप आभार, डोक्यात बराच उजेड पडला. आता मालधक्क्याचं सांगा. आमच्याकडे रेक आली की ती दोन तुकडे करून लावतात, आधी अर्धी धक्क्याला, ती रिकामी झाली की दुसरी अर्धी. हमाल थांबून राहतात, ट्रक थांबून राहतात, आणि ठरलेल्या तासांच्या वर गेलं की डेमरेज (डबे अडवून ठेवल्याचा दंड) आमच्या माथी. लोक म्हणतात ती मोठी खासगी टर्मिनलं आली की हा धक्का जाणारच.

निवृत्त_गार्ड:

दादा, तुकडे का करतात तर धक्क्याची लाईन आखूड आहे. तुकडे करताना इंजिन मेन लाईनवर ये-जा करतं, तेवढा वेळ मेन लाईन अडते, स्टेशन मास्तरच्या जीवाला घोर, म्हणून मग तो शंटिंगला (डबे इकडून तिकडे हलवायला) गॅप मिळेपर्यंत तुम्हाला लटकवून ठेवतो. डबल लाईनवर गाड्या वाढल्यावर हा गॅप आणखी कमी मिळेल, हे लक्षात घ्या! म्हणजे धक्का जसा आहे तसाच राहिला तर तुमच्या दुसऱ्या गटाची भीती खरी ठरेल, कोणी मुद्दाम बंद करणार नाही, पण रेक लावायला वेळ मिळत नाही म्हणून माल हळूहळू दुसरीकडे वळेल.

त्याला उपाय एकच, धक्क्याची लाईन पूर्ण रेकची करून घ्यायची, ५८ डबे एका दमात लागले पाहिजेत, आणि दोन्ही टोकांनी मेन लाईनला जोडलेली पाहिजे म्हणजे इंजिन काढून फिरवावं लागत नाही. त्याबरोबर रात्री काम करता येईल एवढे दिवे, पावसात खत भिजणार नाही अशी शेड, ट्रक वळायला काँक्रीटचं अंगण. हमालांना प्यायचं पाणी आणि सावली, ते मागायला कोणी विसरू नका, चार हजार टन त्यांच्याच पाठीवरून जातात.

खासगी टर्मिनलांचं म्हणाल तर डिसेंबर २०२१ पासून गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आहे, जमीन आणि पैसा असलेला कोणीही उभारू शकतो. तुमची असोसिएशन, एखादा साखर कारखाना आणि बाजार समिती एकत्र आली तर तुम्हीही करू शकता. साखर वर जाणार, खत खाली येणार, रिकामा डबा परत जायला नको, रेल्वेला याहून आवडतं काही नाही.

रुळावरचा:

काकांच्या म्हणण्याला जोडून एक काम आजच करा. प्रत्येक स्टेशनच्या कामाचा एक नकाशा असतो, त्याला ईएसपी म्हणतात, इंजिनिअरिंग स्केल प्लॅन. त्यावर प्रत्येक लूपसमोर सीएसएल म्हणून मीटरमध्ये आकडा लिहिलेला असतो, म्हणजे गाडी सुरक्षित उभी राहील ती लांबी. माहितीच्या अधिकारात बेलापूर, पुणतांबा, राहुरी, नगर, आणि जमलं तर सगळ्याच स्टेशनांचे ईएसपी मागवा. लूपसमोर ६८६ च्या आसपासचा आकडा दिसला तर नेहमीची लूप, दीड हजाराच्या आसपास दिसला तर लांब गाडीची सोय धरलीय. मालधक्क्याच्या लाईनचाही आकडा त्यावरच असतो. मग निवेदनात सरळ लिहा, अमुक स्टेशनची अमुक नंबरची लूप एवढ्या मीटरची करावी, मालधक्क्याची लाईन एवढी वाढवावी, कारण ही. असं लिहिलेला कागद इंजिनिअरच्या टेबलावर गेला की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणि घाई करा. जळगाव-मनमाड चौथी लाईन आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाईन यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालीय, सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर नवीन लाईनला मिळाली. वरून मनमाडला येणारा माल वाढणार हे ठरलेलं आहे. तो सगळा खाली उतरायला आपलीच लाईन आहे.

गोदाकाठचा:

अर्ज आजच टाकतो. नकाशे आले की इथे आकडे टाकतो, काका आणि सर तुम्ही बघून सांगा कुठली लूप वाढवायला जागा आहे. माई, तुमच्या बोगद्याचा फाटक नंबर पाठवा म्हणजे निवेदनात नावानिशी जाईल. येवलेकर, मिनी रेकसाठी कांदा व्यापाऱ्यांची सही लागेल, येवला आणि कोपरगावची जबाबदारी तुमच्यावर.